तीन मिनिटांचा मुलगा

गादीवाल्यांच्या तोंडात दिवसभर खिळे असत. सोफ्याचं कापड ताणून धरायला एक हात लागतो, हातोडी चालवायला दुसरा; मग खिळे ठेवायचे कुठे? तर ओठांच्या आत. जिभेच्या टोकाने एकेक पुढे आणायचा, घ्यायचा आणि ठोकायचा. त्यांच्या वडिलांनी जन्मभर हेच केलं, यांनीही तेच केलं, आणि दोघांपैकी कोणी कधी खिळा गिळला नाही याचा त्या घराला फार अभिमान. पण अशा माणसाशी बोलायचं कसं? गिऱ्हाईक म्हणालं निळं कापड लावा, की हे म्हणणार 'हूं'. बायको म्हणाली साखर संपली, की हूं. घराला आग लागली असं सांगितलं असतं तरी पहिलं उत्तर हूंच आलं असतं, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ती उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती.

मुलगा मात्र बोलघेवडा. अंगाने गोल, चालताना डुलायचा, म्हणून गल्लीने त्याचं नाव भोपळ्या ठेवलं होतं आणि त्याने ते हसत स्वीकारलं होतं. दहावीला दोनदा आपटला, मग अभ्यासाला रामराम ठोकला आणि मालवाहू टेम्पो चालवायला लागला. शेजारी बसून माल चढवायला-उतरवायला लहानपणचा दोस्त, वाळलेला, उंच, काडी नावाचा. भोपळ्या आणि काडी टेम्पोतून उतरले की फळवालीसुद्धा तराजू बाजूला ठेवून हसायची. दिवसभर दोघं त्या केबिनमध्ये, रस्त्यावर, गोदामांच्या रांगेत. संध्याकाळी भोपळ्या वडिलांच्या दुकानात यायचा, अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर धपकन बसायचा, स्प्रिंगा कुरकुरायच्या, आणि मग हा दिवसभराची कथा सांगत सुटायचा. काडी असं म्हणाला, मग मी तसं म्हणालो, मग काय झालं बाबा, ऐका तर खरं. बाबा ऐकत होते की नव्हते कोण जाणे. हूं म्हणत होते.

एका दुपारी बाजारात, टेम्पोचं चाक बदलताना, दोघांचं भांडण झालं. कशावरून, ते कधीच कळलं नाही. कोर्टात जितके साक्षीदार तितकी कारणं निघाली, आणि काडीने स्वतः तोंड उघडलं नाही. त्याच्या हातात जॅकचा लोखंडी दांडा होता. त्याने तो एकदाच मारला, आणि मग तोच दांडा टाकून भोपळ्याचं डोकं मांडीवर घेऊन लोकांना हाका मारत बसला. काडीला जन्मठेप झाली. भोपळ्याच्या आईने अंथरूण धरलं ते ती पुन्हा उठलीच नाही. वर्ष उलटायच्या आत गादीवाल्यांच्या घरात माणूस म्हणून ते एकटे उरले.

घर खायला उठतं असं आपण सहज म्हणून जातो. गादीवाल्यांना ते घर खरोखरच चावायचं. सकाळी दोन कप चहा व्हायचा, कारण हाताला तेच माप ठाऊक. ते दुकान लवकर उघडायचे, उशिरा बंद करायचे, आणि एखादं गिऱ्हाईक बसून गप्पा मारू लागलं तर तोंडातले खिळे चक्क काढून हातात घ्यायचे. पण गिऱ्हाइकाला घाई असायची. मोठी बहीण परगावी होती. तिला फोन केला आणि मुलाचा विषय काढला की ती म्हणायची, "नको रे बाबा त्या आठवणी काढूस, मला सोसत नाही." तिला सोसत नाही म्हणून हेच तिची समजूत घालून फोन ठेवायचे.

अशात मंच आला. पूर्ण नाव लांबलचक होतं, गुन्ह्यांत ज्यांची माणसं गेली त्यांच्या हक्कांसाठी वगैरे. सगळे नुसतं मंच म्हणायचे. सरकार कायदे करतं खरं, पण त्याच्या कानाशी कोण किती वेळ बसतं यावर ते कायदे ठरतात. पोलिसांची संघटना असते, तुरुंगातल्या शिपायांची असते, वकिलांची असते, कैद्यांच्या बाजूने भांडणाऱ्या संस्था असतात. त्या सगळ्यांत हा मंच. त्याचं म्हणणं सरळ होतं: खुनाच्या गुन्हेगाराला चांगल्या वागणुकीच्या नावाखाली लवकर सोडू नका, आणि आत असताना भेटीगाठींच्या सवलतीही देऊ नका. त्यासाठी नवा कायदा हवा, आणि कायद्यासाठी आकडे पुरत नाहीत, माणसं लागतात. गादीवाल्यांकडे एक तिशीतली समन्वयक आली. तिची धाकटी बहीण अशीच गेली होती. ती दुकानातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, मला घाई नाही. तुम्ही सांगा."

गादीवाले सांगत राहिले. टेम्पोच्या चाकापासून भोपळ्याच्या घोरण्यापर्यंत. ती ऐकत राहिली, मधेच रडली, पुन्हा ऐकू लागली. त्या दिवशी गादीवाल्यांना भूक लागली, कितीतरी महिन्यांनी.

मग दर शनिवारी मंचाच्या ऑफिसात बैठक. लोक गोलात बसायचे, चहा-बिस्किटं असायची, प्रत्येकाने आपलं सांगायचं. खुर्च्या लोखंडी, घडीच्या, बसणाऱ्याचा सूड घेणाऱ्या. गादीवाल्यांनी महिन्याभरात सगळ्यांना गाद्या शिवून दिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, समन्वयक म्हणाली, "काका, तुम्ही आता आमचेच." खरं सांगायचं तर कायदा काय होतो याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. काडीचा राग होता, नव्हता असं कोण म्हणेल? पण शनिवारची ते वाट बघायचे ती त्या गोलासाठी. शुक्रवारीच शर्टाला इस्त्री व्हायची. आणि दर सोमवारी समन्वयकेचा फोन यायचा, काका, जेवलात का?

आता मंचाच्या कामाची एक रीत होती. सरकारी समितीपुढे प्रत्येक बोलणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात. तेव्हा प्रत्येकाचं दुःख तीन मिनिटांत बसवायचं. समन्वयक त्यात तरबेज. तिने गादीवाल्यांचं बोलणं घेतलं आणि बेतून, कापून, शिवून दिलं. शेवटी तोही एक धंदाच.

"काका, भोपळ्या नको म्हणायला. लोक हसतील."

"हसायचेच लोक. तोही हसायचा."

"समितीत नको ना हसायला. माझा मुलगा म्हणा. आणि काडी म्हणू नका, आरोपी म्हणा. दोस्त होता हेसुद्धा सोडून द्या. तीन मिनिटांत ते समजावता येत नाही, उगाच भांडणात दोघांचा वाटा असेल असं वाटतं."

फोटोचाही प्रश्न आला. मोठेपणीचे फोटो होते दोनच. एकात तोंड भरून खात होता. दुसऱ्यात खांद्यावर काडीचा हात. काडीला कापून काढला, तर हात तेवढा खांद्यावर राहिला. कोणाचा ते माहीत नसलं तरी बघवेना. शेवटी शाळेतला फोटो निवडला: बारीक मान, तेल लावून चापून बसवलेले केस, गंभीर चेहरा. त्या वयात तो अजून भोपळ्या झालाच नव्हता. तोच फोटो मोठा करून फलकावर लावला.

सभागृहं, वर्तमानपत्रं, मोर्चे, कॉलेजं, सगळीकडे गादीवाले तो फलक घेऊन उभे राहिले. "माझा मुलगा शांत होता. कष्टाळू होता. माझा आधार होता." पहिल्यांदा आवाज कापला. पाचव्यांदा कुठे थांबलं की टाळ्या येतात ते कळलं. पुढे पुढे तर ते असं बोलायचे, की मागे बसलेली समन्वयक ओठांनी सोबत म्हणायची. लोक येऊन हात हातात घ्यायचे. कोणाला वाटेल म्हातारा भाव खातोय. पण ज्याचा हात दिवसचे दिवस कोणी धरलेला नाही, त्याला विचारा.

एका शनिवारी गोलात एक बाई रडल्या. त्यांच्या नवऱ्याला मारणारा तुरुंगातून निरोप पाठवायचा, माफ करा, अर्जाला पाठिंबा द्या, भेटायला या. त्यांना झोप लागेना. समन्वयक म्हणाली, कायद्यात हेही घालून घेऊ, असल्या कैद्याचा आणि पीडित घराचा संबंधच येता कामा नये. ना निरोप, ना भेट. कोणाला मान्य? सगळ्यांचे हात वर गेले. गादीवाल्यांचाही गेला. त्या बाईंचं रडणं बघून हात खाली ठेवणं शक्यच नव्हतं, आणि यात आपला काही संबंध आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका संध्याकाळी, ते एकटेच दुकानात बसून एका जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा दाबून बघत होते. एक स्प्रिंग कुरकुरली. तसं त्यांना वाटलं, आता भोपळ्याचं हसणं ऐकू येईल. त्यांनी डोळे मिटून वाट बघितली. हसणं काही येईना. आलं ते भलतंच: माझा मुलगा शांत होता. कष्टाळू होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांपुढे बारीक मानेचा, तेल लावलेला गंभीर मुलगा. त्याचा मोठेपणीचा आवाज कसा होता? जाड की किरटा? हसताना आधी पोट हलायचं की खांदे? मुलगा एकदा गेला होता, तो आपण देवाच्या नावाने सोसला. आता हा दुसऱ्यांदा चालला होता, आणि या वेळी त्याला घालवणारे आपणच.

त्यांनी शेजाऱ्याला गाठलं. "तुम्हाला आमचा भोपळ्या आठवतो?" शेजारी म्हणाला, "अरेरे, फार वाईट झालं," आणि पाण्याच्या मोटरीचा विषय काढला. शनिवारी गोलात विचारावं तर तिथे त्याला कोणी पाहिलेलाच नव्हता, शिवाय प्रत्येक जण आपली पाळी कधी येते याकडे डोळे लावून. मोठ्या झालेल्या, जाड्या, बडबड्या भोपळ्याला दिवसरात्र ओळखणारा माणूस जगात एकच उरला होता. आणि तो तुरुंगात होता.

नेमका अशाच वेळी चुरगळलेल्या शर्टातला एक माणूस दुकानात आला. कैद्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा. म्हणजे मंचाच्या लेखी शत्रुपक्षच. तो दाराशीच उभा राहिला.

"मी बसत नाही. तुमचा राग मी समजू शकतो. एक निरोप आहे, तो सांगतो आणि जातो. काडीला तुम्हाला भेटायचंय."

"माफी मागायला?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाला, माफी कोणत्या तोंडाने मागू. म्हणाला, इथे भोपळ्याबद्दल बोलायला कोणी नाही. काका आले तर बोलू."

गादीवाल्यांनी हातोडी उचलली होती ती तशीच हातात राहिली. "चालते व्हा," असं ते म्हणाले खरं, पण त्यात दम नव्हता, आणि तो माणूस तेवढं समजण्याइतका जाणता होता. नमस्कार करून गेला. गादीवाल्यांनी हातोडी खाली ठेवली. संताप येत होता, या कार्ट्याला बोलायला कोणी नाही म्हणे! तू मारलंस म्हणून नाही! आणि त्याच संतापाच्या पोटात दुसरं काहीतरी धडधडत होतं, ज्याची त्यांना लाज वाटली. त्यांना जायचं होतं. आजच्या आज जायचं होतं.

ते समन्वयकेकडे गेले आणि एका दमात सगळं बोलून मोकळे झाले. ती त्यांना रागावली नाही. खुर्ची जवळ ओढली.

"काका, भेटावंसं वाटणं यात काही पाप नाही. पण पुढच्या आठवड्यात समिती आहे. आपले मुख्य बोलणारे तुम्ही. तुम्ही त्याला भेटलात हे बाहेर फुटलं, तर ते लोक म्हणतील, बघा, बापानेच माफ केलं. मग त्या बाकी सगळ्यांनी काय करायचं?"

"मी माफबिफ नाही करणार त्याला. मला फक्त ऐकायचंय."

"मग थोडं थांबा. कायदा होऊ दे, मग खुशाल भेटा. भेटीची बंदी आहे, पण पीडिताच्या घरच्यांची स्वतःची इच्छा असेल तर सूट, असं मसुद्यात आहे. मी स्वतः घालून घेतलंय. हा माझा शब्द."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे बघून त्या गोलातले सगळे चेहरे गादीवाल्यांना दिसले, रडणाऱ्या बाईंचासुद्धा. नाही म्हणावं तर शनिवार गेला, फोन गेला, आमचेच म्हणणारी माणसं गेली. थोड्या दिवसांचाच तर प्रश्न, असं त्यांनी मनाला समजावलं.

समितीपुढे ते अप्रतिम बोलले. एका सभासदाने चष्मा काढून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फलकासकट फोटो. पुढे कायदा झाला, मंचाच्या ऑफिसात हार-तुरे झाले, गादीवाल्यांना शाल दिली. त्या गडबडीत कोणी सांगितलं नाही, की शेवटच्या वाचनात समितीने ती सूट काढून टाकली होती. कोणी तज्ज्ञ म्हणाले होते, सूट ठेवली तर घरच्यांवर दबाव आणून त्यांच्याकडून तसं वदवून घेतलं जाईल. म्हणणं चुकीचं नव्हतं. समन्वयकेला ते कळलं तेव्हा तिने उसासा टाकला असेल. आपल्या एका म्हाताऱ्याची त्यावर आस आहे हे तिच्या ध्यानातून पार निसटलं. तिच्या डोक्यावर आता दुसरा कायदा होता, अल्पवयीन गुन्हेगारांचा, आणि त्यासाठी दुसरी माणसं लागणार होती, दुसऱ्या गोष्टी, दुसरे फोटो. शनिवारची बैठक महिन्यातून एकदाच होऊ लागली. मग तिची बदली मोठ्या ऑफिसात झाली. सोमवारचा फोन काही दिवस एका नव्या मुलाने केला. तो "सर" म्हणायचा आणि तब्येत विचारून ठेवून द्यायचा. मग तोही थांबला.

गादीवाल्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि तुरुंग गाठला. गावाबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यावर. वाटेत ते मनात प्रश्न जुळवत होते. भांडण कशावरून झालं हे विचारायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. टेम्पोत काय गप्पा मारायचे ते विचारायचं. गाणी कोणती लावायचा. माझ्याबद्दल काय बोलायचा. बोलायचा का.

दाराशी बसलेल्या शिपायाने नाव विचारलं, संगणकात घातलं, आणि मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या बोलण्यात एकदम आदर आला.

"काका, तुम्ही ते फोटोतले ना? बसा, पाणी घ्या. पण आत नाही सोडता येणार तुम्हाला. नवीन नियम."

"माझी इच्छा आहे. लिहून देतो."

"आता इच्छेचं नाही राहिलं. त्याच्या फक्त सख्ख्या नातेवाइकांनाच भेट. तुमच्यासाठीच तर केलाय कायदा, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

गादीवाल्यांनी पुन्हा विचारलं. शिपायाने तितक्याच प्रेमाने पुन्हा नाही म्हटलं. फोन? नाही. निरोप? तोही नाही काका, माझी नोकरी जाईल. भला माणूस होता. पाण्याचा पेला स्वतः भरून दिला. गादीवाले ते पाणी प्यायले, कारण आणखी काय करायचं ते त्यांना सुचेना.

बाहेर थांब्यावर सिमेंटचं बाकडं होतं. ते तिथे जाऊन बसले. थोड्या वेळाने लहान दार उघडलं आणि एक बाई बाहेर आली, हातात रिकामी पिशवी. गादीवाल्यांनी ओळखलं. काडीची आई. पूर्वी गल्लीतच राहायची, निकालानंतर घर सोडून गेली होती. भोपळ्याने त्या घरी जेवून पुन्हा आपल्या घरी जेवणं हा नेहमीचा प्रकार. तिनेही ओळखलं. पाऊल अडखळलं, पण थांबा एकच होता. ती बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"भाऊजी, तुम्ही इथे?"

"भेटायला आलो होतो. सोडत नाहीत."

गादीवाल्यांचा धीर सुटला. "वहिनी, तुम्ही आत जाता. त्याला एवढंच विचाराल का, दोघं टेम्पोत काय बोलायचे? काहीही सांगू दे. माझा मुलगा हसायचा कसा, तेसुद्धा माझ्या ध्यानात राहिलं नाही हो. फक्त तुम्ही विचारा आणि मला येऊन सांगा. मी येईन तुमच्याकडे, म्हणाल तेव्हा."

तिने पिशवीची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

"आधी दर आठवड्याला सोडायचे," ती म्हणाली. "हात धरता यायचा. आता महिन्यातून अर्धा तास, तो पण काचेच्या पलीकडनं. बोलायचं ठरवून येते, त्यातलं निम्मं राहून जातं. तुमच्या त्या कायद्याने माझ्याकडे एवढंच ठेवलंय, भाऊजी. त्यात मी तुमच्या मुलाचं बोलू?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर गादीवाल्यांना सोपं गेलं असतं. इतके दिवस जिथे तिथे उभं राहून आपण नक्की काय मागत होतो, ते त्यांना त्या बाकड्यावर पहिल्यांदा लख्ख कळलं.

"नको," ते म्हणाले. "खरंच नको, वहिनी. तुमचं तुम्ही बोला."

बस आली. ती उठली. पायरीवर एक पाय ठेवून क्षणभर थांबली.

"तुम्ही आला होतात, एवढं सांगीन त्याला. तेवढ्याला काही फार वेळ लागत नाही."

ती खिडकीशी जाऊन बसली. बसमध्ये जागा पुष्कळ होती. ड्रायव्हरने गादीवाल्यांकडे बघून हॉर्न वाजवला, येताय ना? इतका वेळ तिच्या मागे नाहीतर पुढे बसून जायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि तिलाही ते सोसायला लावू नये असं वाटलं. त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. बस गेली. पुढची कधी आहे ते विचारायला तिथे कोणी नव्हतं.